गंजाचा सख्खा भाऊ

घोटीच्या पावसाचा लोखंडाला मोठा धसका! चार महिने पत्रे ओले, भाताची खाचरे तुडुंब, आणि दारामागचा विळा हां हां म्हणता तांबडा होतो. पाऊस सरून दिवाळी तोंडावर आली, की दुकानांत पत्र्यांची चौकशी सुरू होते. "जस्ताचाच द्या हं!" असे गिऱ्हाईक बजावते. का म्हणून मी विचारले, तर "तो गंजत नाही" हे उत्तर ठरलेले.

मला ते अर्धेच पटते. वाचकहो, जस्तही गंजते. किंबहुना ते आधी गंजते म्हणूनच लोखंड वाचते. गंजणे म्हणजे धातूतले इलेक्ट्रॉन निसटून ओलाव्यातल्या प्राणवायूकडे जाणे. लोखंड आणि जस्त एकमेकांना चिकटून भिजले, की इलेक्ट्रॉन देण्याची घाई जस्ताला अधिक. पत्र्यावर ओरखडा पडला तरी भोवतालचे जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला राखते. एकत्र कुटुंबातला थोरला भाऊच म्हणा ना!

आता रात्री खाचरावर जाताना हाती असते ती बॅटरी घ्या. तिच्यातल्या साध्या सेलची डबी याच जस्ताची असते. तिथेही जस्त झिजतेच. मात्र इलेक्ट्रॉनांची जवळची वाट अडवून त्यांना दिव्यावरून वळसा घ्यायला लावलेला असतो. पलीकडे त्यांना घ्यायला मँगनीजची काळी भुकटी बसलेली. दाब दीड व्होल्टचा. सेल म्हणजे लगाम घातलेला गंजच!

ही नाती जुळवून पाहणाऱ्यांत सर हम्फ्री डेव्ही अग्रेसर. इंग्रजी जहाजांच्या बुडाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्र खात असे. १८२४ साली डेव्हीने त्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे झिजायचे थांबले. पण बुडावर शिंपले आणि शेवाळ माजले, जहाजे मंदावली! विरघळणारे तांबेच त्या जिवांना विष होते. बिचारा डेव्ही! प्रयोग जिंकला आणि गलबत हरले.

आपल्याकडे ही दोन्ही कामे अंबरनाथला एकाच छपराखाली चालतात. संरक्षण संशोधन संस्थेची 'नेव्हल मटेरिअल्स रिसर्च लॅबोरेटरी' तिथे आहे. युद्धनौकांना खाऱ्या पाण्याच्या गंजापासून वाचवायचे, हे तिचे एक काम. पाणबुडीसाठी इंधनघट बनवायचा, हे दुसरे. डिझेलची पाणबुडी पाण्याखाली बॅटऱ्यांवर चालते. त्या उतरल्या, की इंजिनाला हवा देण्यासाठी नळी वर काढावी लागते, आणि शत्रूला सुगावा लागतो तो नेमका तेव्हा. आतल्या माणसांचे प्राण त्या नळीला टांगलेले! इंधनघट असला, की हा वर येण्याचा प्रसंग पुष्कळ लांबवता येतो. हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन प्राणवायूला पोहोचवताना तो वीज देतो, मागे उरते पाणी. अंबरनाथच्या यंत्रणेत हायड्रोजनही पाणबुडीतच तयार करण्याची सोय आहे. ८ मार्च २०२१ रोजी जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी यशस्वी झाली.

या घटात फॉस्फरिक आम्ल असते, तेही १५० अंशांच्या वर तापलेले. साधे पोलाद त्याच्यापुढे टिकत नाही. म्हणून अशा घटांतल्या पाट्या कर्बाच्या घेतात; आपल्या सेलच्या पोटात उभी काळी कांडी असते ना, तिच्याच जातीच्या.