सायकल खांद्यावर, शर्यत माळरानावर

सायकल म्हटली की आपल्यापैकी अनेकांना कष्टाचे दिवस आठवतात. पहाटे घरोघर पेपर टाकून मग कॉलेज गाठणारा विद्यार्थी, कॅरिअरला डबा लावून पाळीवर निघालेला कामगार, मुलाला पुढे दांड्यावर आणि बायकोला मागे बसवून आठवडे बाजाराला आलेला शेतमजूर, या सर्वांचा संसार सायकलीने ओढला. म्हणूनच की काय, घरात मोटारसायकल आली की सायकलीची लगेच अडगळ होते. आधी ती भिंतीला टेकते, मग तिच्यावर कपडे वाळत पडतात आणि एक दिवस ती भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. जणू सायकल घराबाहेर गेली म्हणजे गरिबीच गेली! एकेकाळी घरोघरी दिसणाऱ्या अ‍ॅटलस सायकलींचा साहिबाबादचा कारखानाही २०२० साली बंद झाला. तो दिवस होता ३ जून. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून हाच दिवस जागतिक सायकल दिन म्हणून ठरविला आहे.

या लेखात आम्हाला सायकलीची दुसरी बाजू वाचकांपुढे ठेवायची आहे. ती म्हणजे खेळाची. त्यातही गुळगुळीत डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीची नव्हे, तर दगड, मुरूम, चिखल आणि चढ यांतून होणाऱ्या शर्यतीची. या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात.

खेळ आहे तरी कसा?

सायक्लोक्रॉसचा जन्म युरोपातला. फ्रान्समध्ये १९०२ साली या प्रकाराची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. दानिएल गुसो नावाच्या एका सैनिकाचा त्यात पुढाकार होता. रस्त्यावरच्या शर्यती थंडीत बंद असत. त्या दिवसांत अंग सैल पडू नये म्हणून सायकलपटू शेतातून, ओढ्यातून, कुंपणांवरून सायकली दामटत. ऑक्टाव्ह लापीझ याने १९१० साली टूर द फ्रान्स ही सर्वांत अवघड शर्यत जिंकली आणि आपल्या तयारीत या रानातल्या सायकलीचा वाटा मोठा असल्याचे सांगितले. तेव्हापासून लोकांचे लक्ष तिकडे गेले. पहिली जागतिक स्पर्धा १९५० मध्ये पॅरिस येथे झाली. महिलांना मात्र जागतिक स्पर्धेसाठी पुढची ५० वर्षे, म्हणजे थेट २००० सालापर्यंत, थांबावे लागले. पुढे नेदरलँड्सच्या मारिआने फॉस हिने ही जागतिक स्पर्धा आठ वेळा जिंकून दाखविली.

शर्यतीचा हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी. अडीच ते साडेतीन किलोमीटरची एक फेरी आखतात आणि साधारण तासाभरात जमतील तितक्या फेऱ्या मारतात. वाटेत मुद्दाम ४० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या फळ्या आडव्या लावलेल्या असतात. कुठे पायऱ्या, कुठे वाळू, कुठे घोट्याएवढा चिखल. अशा जागी स्वाराने चालत्या सायकलीवरून उतरायचे, सायकल उचलून खांद्यावर घ्यायची, पळत अडथळा ओलांडायचा आणि पुन्हा उडी मारून सीटवर बसायचे. सायकल खांद्यावर घेणे म्हणजे हार मानणे, असे या खेळात कोणी समजत नाही. ते एक कौशल्य आहे आणि ज्याला ते नीट साधते तो पुढे जातो.

आता आपल्याला हसू येईल अशी एक गोष्ट. या स्पर्धेच्या नियमाप्रमाणे टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आपल्या साध्या काळ्या सायकलीचा दीड इंची टायर जवळजवळ ३८ मिलिमीटर भरतो. म्हणजे युरोपातले नामांकित खेळाडू ज्या चाकावर चिखल तुडवतात, त्याहून रुंद चाक आपल्या पडवीत उभे आहे! फरक आहे तो वजनाचा. त्यांची सायकल आठ किलोच्या आसपास, आपली वीस. पण शिकण्यासाठी वीस किलोचीही सायकल चालते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

नगरचा माळ आणि आमचा हंगाम

नगर शहर व परिसरातले आम्ही सात-आठ हौशी सायकलस्वार. कोणी शिक्षक, कोणी बँकेत कारकून, कोणी एमआयडीसीत फिटर, दोघे कॉलेजचे. पाऊस सरल्यावर थंडी पडेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते डिसेंबर, दर रविवारी डांबरी सडक सोडून रानवाटेला लागायचे असा आमचा नेम ठरला. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, यासाठी जणू मुद्दाम घडविला आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आणि धुवाधार पाऊस. पूर्वेकडे अवर्षणाचा टापू. नगरला वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा सप्टेंबरमध्ये. त्यामुळे ऑक्टोबर उजाडताना माळ हिरवा असतो, ओढ्याला पाणी असते आणि मुरमाच्या वाटा घट्ट बसलेल्या असतात.

आमची पहिली वाट चाँदबीबी महालाची. शहराच्या पूर्वेला पाथर्डी रस्त्यावर शहा डोंगरावर हा महाल उभा आहे. नाव चाँदबीबीचे असले तरी ती आहे मूर्तझा निजामशहाचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर. सडकेने वर जाणे सोपे. डोंगराच्या कुशीतून गुराख्यांच्या वाटेने जाताना मात्र छाती भरून येते. दुसरी वाट डोंगरगण आणि मांजरसुंब्याकडची. येथे दगड सुटे आहेत. उतारावर पुढचा ब्रेक दाबाल तर तोंडावर पडाल. अंग मागे टाकून, मागचा ब्रेक हळूहळू धरत उतरावे लागते. तिसरी वाट हिवरे बाजारच्या बाजूची. तेथील डोंगरउतारांवर खोदलेले समतल चर आणि त्यांत वाढलेली झाडे पाहिली की पाणी अडविण्याचे काम म्हणजे काय ते सायकलीवर बसून समजते.

काळ्या मातीने आमची खरी परीक्षा घेतली. पावसाच्या दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधालगत शिरलो की पन्नास पावलांत चाक थांबते. माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च भरते आणि सायकल पुढेही जात नाही, मागेही येत नाही. मग काडीने माती उकरायची किंवा सायकल खांद्यावर घ्यायची. युरोपातल्या शर्यतीत अशा वेळी दुसरी स्वच्छ सायकल तयार ठेवलेली असते. आमच्याकडे काडीच! त्यावर आम्ही दोन उपाय केले. हंगामापुरते मडगार्ड काढून ठेवले आणि पाऊस झाल्यावर दोन दिवस काळ्या रानाकडे फिरकायचे नाही असे ठरविले.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा. एका रविवारी आठ जणांत मिळून अकरा पंक्चर निघाली. सराटे टायरला चिकटतात, तर ऑक्टोबरात वाळलेले कुसळ मोज्यांतून पायात घुसते. प्रत्येकाने पंक्चरचे सामान आणि हवेचा लहान पंप जवळ ठेवल्याशिवाय या वाटांना लागू नये.

नोव्हेंबरात ज्वारी गुडघ्याला लागली आणि सडकेवर उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर सुरू झाले. पाथर्डीकडची किती तरी कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांवर निघाली. ट्रॉलीवर बिऱ्हाड, त्यावर मुले आणि एका ट्रॉलीच्या मागे बांधलेली लेडीज सायकल आम्ही पाहिली. शाळेची मुलगी कारखान्यावर चालली होती. सहा महिन्यांनी ती आणि तिची सायकल परत शाळेच्या वाटेवर दिसतील काय, हा प्रश्न त्या दिवशी आम्हा सर्वांच्या मनात राहिला.

आमची शर्यत आणि एक लेडीज सायकल

डिसेंबरच्या एका रविवारी आम्ही स्वतःच शर्यत आखली. ओळखीच्या एका शेतकऱ्याने पडीक माळ वापरायला दिला. चुन्याची फक्की टाकून एक किलोमीटरची फेरी केली, सेंट्रिंगच्या दोन फळ्या आडव्या बांधल्या, बंधाऱ्याखालचा ओला ओढा आणि एक खडा चढ त्यात घेतला. अर्धा तास पुरा होईपर्यंत फेऱ्या मारायच्या, एवढाच नियम. चौदा जण उतरले. गिअरच्या चार, बाकी साध्या.

आमच्यातल्या एका सहकाऱ्याची मुलगी अकरावीत आहे. आठवीत मिळालेली लेडीज सायकल तिच्याकडे होती. दहावी झाल्यावर घरात ठरले की ही सायकल आता धाकट्या भावाला द्यायची. मुलगी मोठी झाली, मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, मग सायकल कशाला? बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण एस.टी. दिवसातून ठराविक वेळीच येते आणि अभ्यासिका, ग्रंथालय, मैत्रिणीचे घर यांच्यासाठी ती थांबत नाही, याचा विचार कोणी केला नव्हता.

ती मुलगी त्या सायकलीवर शर्यतीत उतरली. लेडीज सायकलीला आडवा दांडा नसतो, त्यामुळे ती खांद्यावर घेता येत नाही. तिने एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने सीटखालची नळी धरून सायकल उचलली व फळ्या ओलांडल्या. दुसऱ्या फेरीत ओढ्यात पडली, उठली. चौदांत ती बारावी आली. तिच्या मागे दोन जण होते, त्यांतला एक गिअरची सायकल असलेला! शर्यत संपल्यावर तिने वडिलांना एवढेच विचारले, "सायकल दादूला कधी द्यायची?" वडील म्हणाले, "त्याला दुसरी बघू." दुसरी सायकल अद्याप आलेली नाही. दोघे बहीण-भाऊ वेळा ठरवून एकच सायकल वापरतात. पण ती तिच्या हातून सुटली नाही.

मुलींसाठी ही वाट नवीन राहिलेली नाही. आपल्याच जिल्ह्यातील संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने डोंगरवाटांवरच्या माउंटन बाइक प्रकारात महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धांत उतरून पदके मिळविली आहेत. माउंटन बाइक हा प्रकार १९९६ च्या अ‍ॅटलांटा ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. सायक्लोक्रॉस आणि माउंटन बाइक ही भावंडेच समजा. एकात कमावलेले कसब दुसऱ्यात उपयोगी पडते. शेजारच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू डॉक्टरकी सांभाळून सायकल चालवीत आणि २०१५ साली त्यांनी अमेरिका आडवी पार करणारी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. सरावाला लागणारा वेळ नोकरी-व्यवसायातूनही काढता येतो, हे त्यांच्याकडून शिकावे.

पालकांसाठी चार गोष्टी

राज्य शासनाच्या सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेतील कोणते पदक त्यासाठी धरले जाते, याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच करावी. पदक मिळाल्यावर प्रमाणपत्रासाठी धावाधाव करण्यापेक्षा हे बरे.

डोक्यावर हेल्मेट हवेच. त्यात काटकसर नको. सायकलीवर खर्च करायचाच असेल तर आधी ब्रेकचे रबर आणि टायर यांवर करावा. माळावर टायरमध्ये हवा सडकेपेक्षा थोडी कमी ठेवावी म्हणजे पकड राहते. फार कमी केली तर दगड आणि रिम यांत ट्यूब चिमटून फुटते. सायकल उचलताना नेहमी डाव्या बाजूला उतरावे, कारण चेन उजवीकडे असते. कमरेत वाकून उचलू नये, गुडघे वाकवून उचलावी. खाण्यासाठी बाजारच्या पुड्यांची गरज नाही. भाकरी, शेंगदाणे, गूळ आणि दोन बाटल्या पाणी एवढ्यावर तीन तास निघतात.

जागेचे भान ठेवावे. नगरजवळ के. के. रेंज हा लष्कराच्या गोळीबार सरावाचा भाग आहे, तिकडे चुकूनही जाऊ नये. रेहेकुरीसारख्या अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. संगमनेर, अकोले, राहुरी भागांत उसात बिबटे असतात, म्हणून झुंजुमुंजू असताना किंवा दिवेलागणीला एकट्याने रानवाट धरू नये. पेरलेल्या रानातून सायकल घालू नये. आणि मेंढरांचा कळप दिसला की खाली उतरून चालावे, म्हणजे मेंढपाळाचे कुत्रेही गप्प राहते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीजवळ पडीक माळ असतोच. तरुण मंडळांनी एक रविवार त्यासाठी द्यावा. फक्की, दोन फळ्या आणि शिट्टी एवढे साहित्य पुरे. मुलांबरोबर मुलींचीही नावे घ्यावीत आणि ज्या घरात सायकल भिंतीला टेकून आहे, त्यांनी ती भंगारात घालण्यापूर्वी तिची चेन पुसून, हवा भरून एकदा मुलीच्या हाती द्यावी. येत्या हंगामात आम्ही पुन्हा माळावर फेरी आखणार आहोत. ज्यांच्याकडे सायकल नसेल त्यांनीही यावे, आमच्या सायकली फेरीफेरीने वापरता येतील.