पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याची : सी. सुब्रमण्यम



रेशनच्या दुकानातल्या परदेशी लाल गव्हाबद्दल माझी आई नेहमी सांगायची. पोळी गरम असेपर्यंत ठीक, गार झाली की चामड्यासारखी. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावला, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, अशी आठवण निघेलच. आज मी त्या गव्हाच्या निमित्ताने एका मंत्र्याची कारकीर्द सांगणार आहे : चिदंबरम सुब्रमण्यम.

जन्म 1910चा, तमिळनाडूतल्या पोल्लाचीजवळचा. शेतकऱ्याच्या घरातले, शिक्षणाने वकील, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास, मग संविधान सभेचे सदस्य. 1952 साली ते मद्रास राज्याचे मंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं अर्थ, शिक्षण अशी खाती त्यांनी सांभाळली. 1954 साली राजाजी मुख्यमंत्रिपदावरून गेले, तेव्हा नेतेपदासाठी सुब्रमण्यम उभे राहिले आणि कामराजांकडून हरले. पण कामराजांनी हरलेल्या या प्रतिस्पर्ध्याला मंत्रिमंडळात घेतलं, आणि सुब्रमण्यमही मनात अढी न ठेवता कामाला लागले. गावोगावच्या शाळा, 1956पासूनचं मुलांचं दुपारचं जेवण, या सगळ्या काळात शिक्षण आणि अर्थ ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. पैसा कुठून येतो आणि तो गावापर्यंत कसा पोचतो, हे त्यांनी तिथे पाहिलं.

हे मी मुद्दाम सांगतोय. शेती हा आपल्या संविधानात राज्यांचा विषय आहे. दिल्लीतल्या कृषिमंत्र्याच्या हाताखाली ना तलाठी, ना ग्रामसेवक. त्याच्या हातात चार गोष्टी : भाव, बियाणं, खत आणि मुख्यमंत्र्यांचं मन वळवणं. राज्यात काम केलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

1962 साली ते लोकसभेवर गेले, केंद्रात पोलाद खातं मिळालं. 1964 साली शास्त्रीजींनी त्यांना अन्न आणि शेती खातं दिलं. परिस्थिती काय होती? 1964-65 साली देशात धान्य पिकलं सुमारे 8.9 कोटी टन. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला आणि ते 7.2 कोटींवर आलं. 1966 साली एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणावं लागलं. अमेरिकेचं जहाज बंदरात लागलं तर रेशन, अशी अवस्था.

सुब्रमण्यम यांचं म्हणणं साधं होतं : शेतकऱ्याला परवडलं तर तो पिकवेल. म्हणून जानेवारी 1965मध्ये अन्न महामंडळ सुरू झालं. त्याचं पहिलं जिल्हा कार्यालय कुठे, माहीत आहे? तंजावरला, आपल्या भोसले राजांच्या तंजावरला. त्याच वर्षी शेतमालाचे भाव सुचवणारा आयोग आला, त्याचे पहिले अध्यक्ष मुंबई विद्यापीठातले प्रा. दांतवाला. मग बियाणं. डॉ. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी मेक्सिकोच्या बुटक्या गव्हाची चाचणी घेतच होते. खत घातलं तरी तो लोळत नव्हता. सुब्रमण्यम यांनी दिल्लीतल्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर गहू पेरला आणि 1966 साली 18,000 टन बियाणं मागवलं.

विरोध सगळीकडून झाला. अर्थमंत्री कृष्णम्माचारी म्हणत, खतासाठी परकीय चलन कुठून आणायचं? डावे म्हणत, यात बडा शेतकरीच मोठा होणार. हे आक्षेप पोकळ नव्हते.

मधेच 1965च्या फेब्रुवारीत मद्रास राज्य हिंदीच्या प्रश्नावर पेटलं. सुब्रमण्यम यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तो मागे घेतला गेला, पण केंद्रात बसूनही आपल्या राज्याशी बांधलेला माणूस त्यात दिसतो.

आणि आता खरी गंमत, किंवा खरं दुःख म्हणा. 1967च्या फेब्रुवारीत निवडणूक झाली. द्रमुकच्या लाटेत खुद्द कामराज पडले, सुब्रमण्यमही लोकसभा हरले. त्यानंतर वर्षभराने, 1968च्या उन्हाळ्यात गव्हाचं पीक आलं : 1.65 कोटी टन. त्याआधीचा उच्चांक होता 1.23 कोटी. पंजाबात शाळा रिकाम्या करून धान्य ठेवावं लागलं. इंदिराजींनी गहू क्रांतीचं टपाल तिकीट काढलं, तेव्हा कृषिमंत्री होते जगजीवन राम.

ते 1971 साली पुन्हा निवडून आले, देशाचे अर्थमंत्री झाले. 1990 ते 1993 ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. पंतप्रधानांवर केलेली खासगी टीका छापून आली आणि त्यांनी तेही पद सोडलं. 1998 साली भारतरत्न मिळालं, 2000 साली ते गेले.

हिशेब मात्र पूर्ण मांडला पाहिजे. पंजाबातलं भूजल आज खोल गेलं आहे. ज्वारी-बाजरी आणि डाळी मागे पडल्या. मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या क्रांतीतून फारसं काही मिळालं नाही. पण त्या मंत्र्यापुढचा प्रश्न पुढच्या महिन्याच्या रेशनचा होता, तो सुटला.

बियाणं रुजायला, भाव ठरायला, गोदाम उभं राहायला काही हंगाम जातात, आणि मतदान ठरलेल्या दिवशी होतं. म्हणून तुमच्या राज्यातल्या एखाद्या मंत्र्याबद्दल मत बनवताना एवढं पाहा : आज जे आपल्याला मिळतंय, त्याची फाइल कुणाच्या काळात हलली होती? आणि आजचा मंत्री पुढच्यासाठी काय पेरतोय?

मंडळी, तुमच्या घरातली रेशनची आठवण मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.