जुना कागद: दाखवायचा की जपायचा?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी, १९०६ मध्ये, खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले होते. त्यामुळे सातपुड्यातल्या एखाद्या पाड्याचा जुना नकाशा हवा असेल, तर तो कुठल्या कचेरीच्या दप्तरात गेला याचा माग काढावा लागतो. हे केवळ हौसेचे काम नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे हे पुरावे मानले आहेत. अक्कलकुवा किंवा धडगावच्या शेतकऱ्याच्या दाव्याला अशा कागदाने बळ मिळते. मग असे कागद काचपेटीत मांडावेत, सर्वांनी पाहावेत, असे वाटणारच. पण अडचण तिथेच सुरू होते.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचे जाळे. चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात या साखळ्या टिकाऊ असतात आणि मोडी लिहिण्याची काजळीची शाई उजेडाने उडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ व तुरटी घालत. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होते आणि ते साखळ्या तोडते. उष्णतेने व दमटपणाने ही क्रिया वाढते. म्हणून पेशवाईतले पत्र शाबूत आणि नंतरचा अहवाल घडीवर तुटलेला, असे उलटे दृश्य दिसते.

प्रकाशाने होणारी हानी साठत जाते; रात्रीच्या अंधारात ती भरून येत नाही. म्हणून संग्रहालयांत कागदावर साधारण ५० लक्सच उजेड पडू देतात आणि मांडलेले पान अधूनमधून बदलतात. भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रती १९९० च्या दशकात नायट्रोजन भरलेल्या बंद पेट्यांत ठेवण्यात आल्या. प्राणवायू नसला की ऑक्सिडीकरण थांबते. आम्लाचे काम मात्र नायट्रोजनने थांबत नाही!

तालुक्याच्या गावी एवढ्या खर्चाची गरजही नाही. मूळ कागद आम्लरहित वेष्टनात, अंधाऱ्या कोरड्या खोलीत ठेवावा. भिंतीवर त्याची स्वच्छ छायाप्रत लावावी. मजकूर मोडीत असेल तर खाली देवनागरी लिप्यंतर द्यावे. चिकटपट्टी आणि प्लास्टिकचे लॅमिनेशन मात्र कटाक्षाने टाळावे. पट्टीचा डाग सहसा निघत नाही, आणि लॅमिनेशनमध्ये आम्ल आतच कोंडते.

वर्गात करून पाहा. एकाच वर्तमानपत्राचे तीन तुकडे घ्या. एक उन्हात, एक खिडकीच्या बंद काचेमागे, एक जाड पुस्तकात ठेवा. आठवड्याने तिन्ही शेजारी मांडा. काचेमागच्या तुकड्याकडे मुलांचे विशेष लक्ष वेधा.