कापड लहान होत नाही

सहा फुटांचा माणूस एक फुटाचा करता येतो. साचा नीट असला की नाक, कान, हाताच्या शिरा सगळं सहापट लहान होऊन प्लॅस्टिकमध्ये उतरतं. त्याच्या अंगावरचा कोट मात्र असा लहान होत नाही, आणि सैनिकांच्या ॲक्शन फिगर घेऊन ऐतिहासिक डायोरामा करणाऱ्या हौशी कारागिरांचा बराच वेळ या एका गोष्टीशी झुंजण्यात जातो. बाजारातून तयार सैनिक आणायचा, त्याचे कपडे उतरवायचे, डोकं आणि हात बदलायचे, शिवणी उसवायच्या, पट्टे नव्याने कापायचे, धातूचा चकचकाट मारायचा आणि मग त्याला एखाद्या पडक्या भिंतीशी किंवा खंदकाच्या कडेला उभं करायचं, असा हा उद्योग. बाहेरून पाहणाऱ्याला यात बटणं मोजण्याचा हट्ट दिसतो. तो आहेच. पण या कलेतला अस्सलपणा बटणांत नसतो, तो वस्तूंच्या आपसातल्या नात्यांत असतो: वजन आणि ताण, वापर आणि झीज, तारीख आणि पोशाख. ही नाती खरी दिसावीत म्हणून सुट्या भागांशी जाणूनबुजून थोडं खोटं वागावं लागतं, आणि हे खोटं कुठे चालतं व कुठे चालत नाही हे कळणं हीच या कामातली खरी विद्या.

या खेळण्यांचा रीतसर इतिहास थोडक्यात आटोपतो. १९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा सुमारे बारा इंची, हातपाय वाकवता येणारा सैनिक विकायला काढला. १९६६ मध्ये ब्रिटनच्या पॅलिटॉयने त्याच्याच परवान्यावर ॲक्शन मॅन आणला. कपडे ढगळ, बंद करायला टिचबटणं, आणि जी. आय. जोच्या उजव्या अंगठ्याचं नख तर चक्क उलट्या बाजूला. ही चूक पुढे नकली माल ओळखायला कंपनीच्या उपयोगी पडली. १९९९पासून हाँगकाँगच्या ड्रॅगन मॉडेल्सने याच मापात प्रौढ गिऱ्हाइकासाठी दुसऱ्या महायुद्धातले सैनिक काढले, पाठोपाठ इतरही उतरले, आणि खेळण्याच्या पेटीत आता चामड्याचे पट्टे, धातूच्या बकला आणि शिक्के मारलेली बिल्ल्याची पत्री येऊ लागली. एवढं सगळं तयार मिळत असताना ते उसवायचं कशाला, हा प्रश्न मग रास्तच ठरतो.

उत्तर कापडात आहे. ब्रिटिश सैनिकाच्या हिवाळी गणवेशाची लोकरी सर्ज एक मिलिमीटर जाड धरली, तर सहाव्या हिश्शाच्या सैनिकाला ती मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढी पातळ हवी. तीच सर्ज त्याला घातली, तर ती त्याच्या जगात सहा मिलिमीटर जाडीचं नमद्यासारखं घोंगडं होते. शिवणीचंही तेच. खऱ्या कोटावर इंचाला आठ टाके असतील, तर इथे इंचाला ४८ पडायला हवेत. पण जाडी आणि टाके ही अडचण अजून सोपी आहे, कारण पातळ कापड शोधता येतं. चिवट अडचण आहे ती कापडाच्या पडण्याची. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या एफ. टी. पीअर्स यांनी १९३० मध्ये ती मोजायची रीत घालून दिली. टेबलाच्या कडेवरून कापडाची पट्टी पुढे सरकवत न्यायची आणि आपल्याच वजनाने ती ठरावीक कोनापर्यंत वाकायला किती लांबी लागते ते पाहायचं. ही लांबी कापडाचा ताठपणा आणि वजन यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाने ठरते. आता सहाव्या हिश्शाच्या कोटाची घडी खऱ्या कोटासारखी पडायची तर ही लांबीही सहावा हिस्सा व्हायला हवी, म्हणजे ते गुणोत्तर २१६ पटींनी उतरायला हवं. एकसंध पत्र्याचा हिशेब धरला तर जाडी सहापट कमी केल्यावर ते फक्त ३६ पटींनी उतरतं. अचूक सहापट पातळ कापड मिळालं, तरी वाकायला लागणारी ही लांबी हवी त्याच्या जवळपास दुप्पट राहते. कोट फुगलेला, पँट नळकांड्यासारखी, आणि खांदे हँगरला लावल्यासारखे दिसतात ते यामुळे. कारखाना कितीही सुधारला तरी हे सुटत नाही, कारण ही ढिलाई कारखान्याची नाहीच.

म्हणून कारागीर कापडाला कापड राहू देत नाही. आधी तो अस्तर काढतो, शिवणीच्या आतली जास्तीची दुमड कापून टाकतो, कडा शिवायच्या सोडून चिकटवतो. ओव्हरकोटाच्या घेरात बारीक तांब्याची तार किंवा फॉइलची पट्टी घालतो, म्हणजे तो वाऱ्यावर उडालेला किंवा ओला होऊन लोंबलेला दाखवता येतो. मग सैनिकाला शेवटच्या पवित्र्यात उभं करून कपडा ओला करायचा, पाण्यात पातळ केलेला पांढरा गोंद मुरवायचा आणि टाचण्या टोचून एकेक चुणी बसवायची. चुण्या कुठेही पाडून चालत नाहीत. त्या ताणाच्या जागांवरून निघतात: काखेतून छातीकडे, कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या मागे, पट्ट्याच्या खाली. हात वर असलेल्या माणसाचा कोट कमरेपाशी उचलला जातो, आणि तो उचलला नाही की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळतं. गोंद वाळला की पवित्रा कायमचा ठरला. पेटीवर ज्या पंचवीस-तीस हलत्या सांध्यांची जाहिरात असते, ते सगळे सांधे या घटकेला निकामी होतात. मला या हस्तकौशल्यात सर्वांत मोहक वाटतो तो हाच विक्षिप्तपणा, की हलण्यासाठी केलेली वस्तू विकत घ्यायची आणि सगळी मेहनत तिला नेमकं एकदाच, नेमक्या जागी थांबवण्यासाठी करायची.

वजनाचंही असंच आहे. लांबी सहापट घटते तेव्हा वजन २१६ पटींनी घटतं. पंच्याहत्तर किलोच्या माणसाचा वाटा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास येतो, चार किलोच्या रायफलीचा १८ ग्रॅम. भरलेली हॅवरसॅक पिसासारखी होते आणि तिचा पट्टा मात्र ताठच राहतो, त्यामुळे ती पाठीवर तरंगते. त्यावर उपाय म्हणून पिशवीत शिशाचे छर्रे किंवा वाळू भरतात, पट्टा खांद्यात रुतवून खाली चिकटवतात. १९३७च्या नमुन्याचा ब्रिटिश पट्टेसाज बसवताना आणखी एक शिस्त लागते. पाठीवर फुली मारून पुढे आलेले पट्टे काडतुसांच्या पाकिटांमागच्या बकलांतून जातात आणि त्यांच्या खाली लोंबणाऱ्या टोकांना पाण्याच्या बाटलीची खोळ अडकते. म्हणजे जवानाने जो क्रम पाळला तोच कारागिरालाही पाळावा लागतो.

यावर एक आक्षेप वाजवी आहे. इतका खटाटोप करून शेवटी कापड गोंदाने कडकच करायचं, तर सरळ पुट्टीत कोरलेला, रंगवलेला सैनिक काय वाईट? फ्रान्सच्या हिस्टोरेक्सने ५४ मिलिमीटरचे नेपोलियनकालीन सैनिक सुट्या भागांत विकले आणि त्यांतून पिढीभर उत्तम रूपांतरं झाली. शिकागोच्या शेपर्ड पेनने तर डायोरामाला नाट्य दिलं. त्यांची बरोबरी करायची गरज नाही. पण कोरलेली चुणी ही कारागिराने कल्पिलेली असते. खरं कापड त्याच्या कल्पनेला विरोध करतं. आतला सदरा जाड असेल तर वरचा कोट बसत नाही. कोपरावर सँडपेपर फिरवला तर वीण खरोखर विरते, विरल्याचं चित्र काढावं लागत नाही. पुराव्याची जात इथे वेगळी आहे, आणि त्या पुराव्यासाठी गोंदाची लबाडी मान्य करायला हरकत नसावी.

अशा लबाडीला प्रतिष्ठित पूर्वज आहे. कॅप्टन विल्यम सिबॉर्न याला १८३०मध्ये वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचं काम मिळालं. त्याने ला हाये सांत या शेतवाडीत आठ महिने राहून जमीन मोजली, लढाईतल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडून प्रश्न विचारले, आणि १८३८मध्ये हजारो कथलाच्या सैनिकांसह ती लंडनमध्ये मांडली. आज ती तिथल्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. जमिनीचं माप मैलाला नऊ फूट. त्या हिशेबाने माणूस जेमतेम तीन मिलिमीटरचा यायला हवा. त्याचे सैनिक सेंटिमीटरभर आहेत. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो तसाच हा प्रकार, आणि दोन्हीकडे कारण एकच, की नाहीतर माणूस दिसणारच नाही. मापातल्या या खोटेपणाबद्दल कोणी तक्रार केली नाही. तंटा झाला तो संध्याकाळी सात वाजता प्रशियन फौज कुठवर पोचली होती यावर. सिबॉर्नने जमवलेल्या माहितीप्रमाणे ती बरीच पुढे होती, ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनला ते रुचलं नाही, आणि अखेर हजारो प्रशियन सैनिक उचलले गेले. तिप्पट मोठा सैनिक क्षम्य होता. योग्य मापाचे सैनिक चुकीच्या जागी, किंवा जागेवरून हटवलेले, हे मात्र इतिहासाशी केलेलं खोटं होतं.

सहाव्या हिश्शात फौज मांडताच येत नाही. टायगर रणगाड्याचं नुसतं धूड इथे मीटरभराहून लांब होतं. १/३५च्या मापात ते १८ सेंटिमीटरमध्ये मावतं. म्हणून मोठ्या मापातला डायोरामा दोन-तीन माणसांचा, एका दाराचा, एका कोपऱ्याचा असतो. तिथे लढाई दिसत नाही, माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की तो कोण हा प्रश्न टळत नाही. बाजाराने या प्रश्नाचं उत्तर फार एकांगी दिलं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांमध्ये जर्मन गणवेशांची रेलचेल असते, त्यात एसएसचेही, कारण ते देखणे दिसतात आणि खपतात. जर्मनीत नाझी चिन्हं सार्वजनिक ठिकाणी मिरवणं गुन्हा आहे; कला, शिक्षण, संशोधन यांना त्यात सूट आहे. कॉलरवरची प्रत्येक पट्टी बिनचूक आणि त्या पट्टीखालच्या माणसाने काय केलं याची दखल शून्य, अशा अस्सलपणाबद्दलची धास्ती मला खोटी वाटत नाही. बटणांचा अभ्यास तिच्यावर उतारा नाही. उलट त्याने ती झाकली जाते.

दुसऱ्या बाजूला भारतीय सैन्य. १९४५पर्यंत पंचवीस लाखांवर माणसं त्यात दाखल झाली होती, इटलीत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या, आणि तयार पेट्यांत हा जवान क्वचितच सापडतो. तो हवा असेल तर स्वतःच घडवायला हवा. उदाहरणार्थ, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावले, ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमी गनने आणखी एकाला मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने झोडपलं, आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

हे वाचून कामाला बसणाऱ्या कारागिरापुढे अडचणींची रांगच लागते. महिना जुलै, म्हणून ज्या सर्जवर इतकं कौशल्य खर्ची पडलं ती बहुधा बादच. उन्हाळी खाकी सुती ड्रिल वेगळं वाकतं, घामाने वेगळं चिकटतं. ब्रिटिश सैनिकाची पेटी घेतली तर पट्टेसाज आणि टोप चालतो, बाहीवर नाईकाच्या दोन फिती लावता येतात, पण चेहरा चालत नाही. युरोपीय डोक्यावर तपकिरी रंग मारला की कोकणातला गडी होत नाही. गालाची हाडं, कपाळ, नाकपुड्या नव्याने घडवायला लागतात. थ्री-डी प्रिंटिंगने डोकी करणं सोपं केलं आहे खरं, तरी संगणकाला द्यायचा चेहरा आधी कोणीतरी पाहिलेला हवा. शौर्यपत्रात टॉमी गन एवढंच आहे. १९२८च्या घडणीत बोल्ट ओढायची मूठ वर असते आणि नळीवर बहुधा थंडाव्याचे कंगोरे. नंतरच्या एम-१ मध्ये मूठ उजव्या अंगाला आणि नळी गुळगुळीत. दोन्ही त्या काळात वापरात होत्या, त्यामुळे त्या मोसमातले इटलीतल्या भारतीय पलटणींचे फोटो बघून एक निवडणं भाग आहे. मॅगझिन रिकामं झालं की टॉमी गनचा बोल्ट मागेच अडकून राहतो, तेव्हा ती मूठही मागे सरकवलेली हवी. ती पुढे असलेली बंदूक कितीही सुबक असली तरी दुसऱ्याच क्षणाची असेल.

आणि क्षण तरी कोणता घ्यायचा? दस्ता उगारलेला घेतला तर समोर दोन माणसं मरणाच्या दारात दाखवावी लागतात, आणि शौर्याचं चित्र झोडपण्याचं चित्र होतं. धावण्याचा घेतला तर मागे पडलेली तुकडी हवी, म्हणजे पाच-सहा सैनिक, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, आणि पडलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड तर उभ्या माणसापेक्षा अवघड, कारण ते जमिनीकडे ओघळायला हवं. माझा कौल दस्त्याच्या क्षणाला आहे, कारण घाडग्यांची गोष्ट तोच क्षण सांगतो आणि तो गोंडस करता येत नाही. पण तिथे तयार सुटे हात कामाचे नाहीत. ते ट्रिगरवर बोट ठेवण्यासाठी किंवा रायफलीचा दांडा पेलण्यासाठी ओतलेले असतात. बंदूक उलटी धरलेल्या दोन्ही मुठी बोटं कापून, तार घालून, पुट्टीने पुन्हा घडवाव्या लागतात, आणि बोटं किती वळवायची हे नळी कंगोऱ्याची निवडली की गुळगुळीत, यावर ठरतं.