दोरीअलीकडच्या मॅडम

परदेशी जाऊन रंग उधळणारे पुरुष पडद्यावर ढिगानं झाले. ऑस्ट्रियाच्या उलरिख झाइडलनं २०१२ साली बायकांची सहल काढली! ‘पॅराडाइज: लव्ह’ची टेरेसा पन्नाशीची, स्थूल, एकटी आई. व्हिएन्नात ती गतिमंदांची देखभाल करते, म्हणजे बेताचीच मिळकत. केनियात उतरली की मात्र तीच धनवान.

इथलं सर्वांत बोलकं पात्र आहे एक दोरी. अलीकडे आरामखुर्च्यांवर पहुडलेले गोरे पाहुणे. पलीकडे वाळूत ताटकळणारी काळी पोरं. मध्ये पहारेकरी. टेरेसानं दोरी ओलांडायचा अवकाश, माळा घ्या, बोटीतून चला, असा गराडा पडलाच!

ही पोरं सिनेमावाली नव्हेत. टेरेसाचा प्रियकर मुंगा झालेला पीटर काझुंगू खरोखरीचा ‘बीच बॉय’. पटकथेत संवादच नव्हते. प्रसंग दिग्दर्शकाचा, बोलणं ज्याचं त्याचं.

आणि मुंगाची हुशारी बघा. स्वतःसाठी छदाम मागत नाही! आधी प्रेम, मग ‘बहिणी’चं आजारी बाळ, मग शाळेला मदत. पर्स हलकी होत जाते आणि बहीण निघते बायको. टेरेसा त्याला भर किनाऱ्यावर बदडते. तोवर मला तिची कीव येत होती. पण वाढदिवसाला मैत्रिणी तिच्यापुढे एक तरुण भेटवस्तूसारखा आणतात, रिबीन बांधून नाचवतात, त्याच्या अंगाची चेष्टा करतात, तिथे ती कीव आटली.

ही वाट आधीही कोणी तुडवली होती. लोराँ काँतेचा ‘हेडिंग साउथ’ २००५चा: दुव्हालिए राजवटीतलं हैती, शार्लट रॅम्पलिंग आणि अठरा वर्षांचा स्थानिक पोरगा लेग्बा. मूळ कथा हैतीतच जन्मलेल्या दानी लाफेरिएरच्या. लेग्बा झालेल्या मेनोथी सेझारला व्हेनिसमध्ये नवोदिताचा पुरस्कार मिळाला.

झाइडलला खरं तर एकच चित्रपट काढायचा होता. झाले तीन! दुसऱ्यात टेरेसाची देवभोळी बहीण, तिसऱ्यात वजन घटवायला शिबिरात धाडलेली मुलगी. पठ्ठ्यानं कान, व्हेनिस, बर्लिन या तिन्ही महोत्सवांत वर्षाच्या आत एकेक लावून टाकला.

टेरेसा साकारणाऱ्या मार्गारेटे टीझलसाठी तरी हा बघाच. फक्त मुलं आणि सासूबाई झोपल्यावर.