दुबळ्या शेवाळाची हमाली

त्याला दात नाहीत, नख्या नाहीत, डावपेच तर अजिबातच नाहीत. शेवाळी रंगाचा हा बुळबुळीत गोळा भुयारात समोरच्या दिशेने सरपटत राहतो, भिंत लागली की वळतो आणि पुन्हा सरपटू लागतो. तलवार घेतलेला नवशिका वीर भुयारात उतरला तरी दोन-चार घावांत त्याचा निकाल लावतो. जपानीत त्याचं नाव निजिरिगोके, इंग्रजीत स्लाइममॉस. ‘युशा नो कुसे नि नामाइकि दा’ या खेळातला हा सगळ्यात खालच्या पायरीवरचा राक्षस, आणि माझ्या मते या खेळातलं सगळ्यात मन लावून बघण्यासारखं काम त्याचंच आहे.

व्हिडिओ गेममध्ये स्लाइम पहिल्यापासून मार खाण्यासाठीच जन्माला येतो. 1986 सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधला निळा, थेंबासारखा स्लाइम जपानमधल्या कित्येक मुलांनी मारलेला पहिला शत्रू असेल. युजी होरी यांच्या कच्च्या रेखाटनावरून अकिरा तोरियामा यांनी त्याला तो प्रसिद्ध हसरा चेहरा दिला. पण त्याच्या अंगात जीव जेमतेम तीन हिट पॉइंटचा, आणि त्याला मारून पदरात काय पडतं, तर अनुभवाचा एक पॉइंट. पुढे असंख्य खेळांनी हीच रीत पाळली.

‘अ‍ॅक्वायर’ या कंपनीने केलेला आणि डिसेंबर 2007 मध्ये सोनीच्या पीएसपीवर आलेला ‘युशा नो कुसे नि नामाइकि दा’ ती रीत उलटी करतो. इथे आपण वीर नाही. आपण विनाशाचे देव, आणि हातात फक्त एक कुदळ. पडद्यावर जमिनीचा उभा छेद दिसतो, त्यात मातीचे चौकोन एकाला एक लागून मांडलेले. वरून एक तोंड उघडं असतं, तिथून खाली खणत जायचं. दैत्यराजाला सोयीच्या कोपऱ्यात लपवायचं. वीर येतात ते त्याला पकडायला. सापडला की दोरीने बांधतात आणि फरफटत वर नेऊ लागतात. तो तोंडाबाहेर गेला की खेळ संपला. राक्षसांना थेट हुकूम देता येत नाहीत. कुठे खणायचं आणि कुठे नाही, एवढंच आपल्या हातात, आणि खणण्याची ताकदही मोजून मिळालेली.

म्हणजे सगळा खेळ मातीचा. रोडक्या मातीचा चौकोन फोडला तर नुसती वाट मोकळी होते. कस असलेला, हिरवट झालेला चौकोन फोडला की त्यातून स्लाइममॉस बाहेर पडतो. कस आणखी साठला असेल तर ‘ओमनॉम’ नावाचा किडा निघतो, आणि माती अगदी गच्च कसदार असेल तर लिझर्डमन. नवखा खेळाडू अर्थातच लिझर्डमनच्या मागे लागतो. पण तसे गच्च चौकोन सुरुवातीला असतात कुठे? ते तयार करावे लागतात, आणि ते काम त्या बुळबुळीत गोळ्याचं.

कुदळ थांबवून एकाच स्लाइममॉसवर नजर ठेवली की त्याचं काम कळतं. सरपटता सरपटता तो बाजूच्या चौकोनातला कस शोषून घेतो. थोडं पुढे जाऊन तोच कस दुसऱ्या चौकोनात सोडतो. पुन्हा शोषतो, पुन्हा सोडतो. इथलं तिथे नेऊन टाकायचं, एवढाच उद्योग. पण दहा-बारा स्लाइममॉस एकाच बोगद्यात सोडले की थोड्या वेळाने बोगद्याची कड बदलू लागते: काही चौकोन फिके पडतात, काही गडद हिरवे होत जातात. विखुरलेला कस एका जागी गोळा होतो. माती हलवण्याचं असंच काम गांडुळं करतात, ते डार्विनने 1881 मध्ये एका अख्ख्या पुस्तकात मांडलं होतं. इथे ते डोळ्यांदेखत, मिनिटभरात होतं.

हा गोळा कस निर्माण करत नाही, ही बारकाईने लक्षात ठेवायची बाब. तो फक्त वाहून नेतो. मेला तर अंगातला कस आजूबाजूच्या मातीत परत जातो. त्यामुळे या भुयारात मरण तसं वाया जात नाही, आणि वीराने आपले पाच-सहा स्लाइममॉस कापले तरी आधी बघायचं ते हे की ते कुठे मेले. चांगल्या जागी मेले असतील तर तिथली माती पुढच्या खणण्यासाठी तयार झालेली असते. (हे वाक्य लिहिताना मलाच जरा क्रूर वाटतंय, पण विनाशाच्या देवाकडून यापेक्षा बरी अपेक्षा कोण करणार?)

त्यांचा वंश वाढतो तोही याच व्यवहारातून. आयुष्य उताराला लागलेला स्लाइममॉस एका जागी बसतो आणि त्याची कळी होते. भोवतीची माती कसदार असेल तर कळीचं फूल होतं, ते आसपासचा कस ओढून घेतं आणि शेवटी फुटून त्यातून नवे स्लाइममॉस बाहेर पडतात. माती रोडकी असेल तर कळी तशीच संपते. गोळा, कळी, फूल असं हे कुटुंब, आणि त्याला हवी असते ती थोडी शांतता व भिंतीला माती. म्हणूनच हौसेने ऐसपैस दालन खणणाऱ्याच्या भुयारात हे कुटुंब टिकत नाही. भिंतीच उरल्या नाहीत तर शोषायचं कुठून आणि सोडायचं कुठे? लांब, सरळ, एका चौकोनाएवढे रुंद बोगदे आणि त्यांच्यामधे न फोडलेली माती, ही त्यांना मानवणारी रचना.

वरची साखळी मग आपोआप उभी राहते. ओमनॉम स्लाइममॉसला खातात, पोट भरलं की कोषात जातात आणि माशी होऊन बाहेर येतात. लिझर्डमन ओमनॉमना खातात आणि घरटं करून अंडं घालतात. वीराशी खरी झुंज हेच देतात, कौतुकही त्यांचंच होतं. पण ओमनॉम फार झाले की स्लाइममॉस संपतात, मग ओमनॉम उपाशी मरतात आणि पाठोपाठ लिझर्डमन. शिगोशीग भरलेलं भुयार अशा वेळी बघता बघता ओस पडतं, आणि नेमका तेव्हाच वर वीराच्या आगमनाची घोषणा होते. हातात कुदळीचे चार घाव उरलेले असतात आणि फोडावा असा एकही हिरवा चौकोन दिसत नाही. वीराच्या तलवारीने हरण्यापेक्षा असं उपासमारीने हरणं मला जास्त झोंबतं, कारण तिथे दोष द्यायला दुसरं कोणी नसतं.

इंग्रजीत हा खेळ 2009 मध्ये ‘होली इन्व्हेजन ऑफ प्रायव्हसी, बॅडमॅन!’ या नावाने आला. जुन्या बॅटमॅन मालिकेतल्या रॉबिनच्या उद्गारांची ही उघड नक्कल होती, आणि पुढच्याच वर्षी ते नाव बदलावं लागलं. खेळाचे पुढचे भागही आले. राक्षस वाढले, थट्टा वाढली, पण पायरीखालचा हमाल तोच राहिला.

खेळ कुठे हाती लागलाच तर सुरुवातीला लिझर्डमनचा मोह आवरा. दोन-तीन अरुंद बोगदे खणा, त्यांत स्लाइममॉस सोडा, आणि गडद झालेला पहिला चौकोन लगेच फोडू नका. त्याच्या शेजारचेही गडद होऊ द्या.