धावायची तयारी झाली, मराठीच्या पेपरचे काय?

पोलीस भरती जाहीर झाली की मोहल्ल्यातली मुले फजरच्या नमाजनंतर मैदानावर धावताना दिसतात. आम्हा शिक्षकांना हे पाहून बरे वाटते. मात्र आमच्या पाहण्यातली बरीच मुले मैदानावर टिकतात आणि पेपरात मागे पडतात.

शिपाई भरतीचा हिशेब समजून घेऊ. एकूण गुण १५०. त्यातले शारीरिक चाचणीचे ५०. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे. शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. यात किमान निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेमागे दहा जणांना लेखी परीक्षेला बोलावतात. लेखी परीक्षा १०० गुणांची, दीड तासाची आणि मराठीत. विषय चार: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, मराठी व्याकरण.

उर्दू माध्यमाची मुले बाजारात, एसटीत मराठी छान बोलतात. पण ‘समास ओळखा’, ‘प्रयोग ओळखा’ आले की थबकतात. गणितातही तेच. शाळेत ज्याला ‘रकबा’ म्हटले ते पेपरात ‘क्षेत्रफळ’ असते, ‘मुसल्लस’ तिथे ‘त्रिकोण’ होतो. गणित येत असते, शब्द अडवतो.

निवड झाली तरी मराठी सुटत नाही. खंडाळा, जालना, अकोला, नागपूर अशा ठिकाणच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रांत कवायत आणि शस्त्रांबरोबर कायदाही शिकावा लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, तीही अभ्यासावी लागते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर दीक्षांत संचलन होते. पुढे ठाण्यात फिर्याद, जबाब, पंचनामा सारे मराठीतच. एखादी खाला रडत ठाण्यात आली, तर तिचे म्हणणे नीट कागदावर उतरवणारा हात आपल्याही घरातला असू शकतो. त्यासाठी ही मेहनत आहे.

मग घरी काय करावे? भरतीची वाट न पाहता आठवीपासून मुलामुलींना रोज मराठी वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचायला लावा. गणिताच्या वहीत उर्दू शब्दासमोर मराठी शब्द लिहून ठेवायला सांगा. बारावीनंतर जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवू द्या.

मुलींच्या अम्मी-अब्बांना एक खास विनंती. ३० टक्के जागा महिलांसाठी राखीव असतात. मुलीची हिंमत असेल तर तिला मैदानापासून अडवू नका.

राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची भरतीपूर्व मोफत प्रशिक्षणाची योजना आहे. आपल्या जिल्ह्यात ती कधी राबवणार, याची जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. आणि ‘पैसे द्या, काम करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तो पैसा मुलाच्या पुस्तकांना आणि खुराकाला लावा.